शाळेचा निकाल नेमका कुणाचा?

नंदुरबार जिल्ह्यातलं लोणखेडा शहाद्याला लागूनच असल्यामुळे इथल्या पालकांना शाळेची अशी निवड मिळते, जी सातपुड्यातल्या पाड्यावर कुणाला सहसा मिळत नाही. मूल सहा वर्षांचं झालं की जिल्हा परिषदेची मराठी शाळा असतेच. शिवाय खासगी संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत, फी घेणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि कुटुंब आदिवासी असेल तर शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळाही आहेत. पुढे पाचवीत असताना नवोदयची परीक्षा देता येते, सहावीला एकलव्य निवासी शाळेसाठी प्रयत्न करता येतो. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळासारख्या संस्थेमुळे या परिसराला शिक्षणाचं केंद्र म्हणून ओळख मिळाली. आणि हे सगळं अशा जिल्ह्यात, जिथली साक्षरता २०११च्या जनगणनेत ६४.३८ टक्के होती, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. अनेक घरांत शाळा निवडणारे आईवडील स्वतः फारसे शिकलेले नाहीत. त्यामुळे निवड होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून: इमारत, गणवेश, दारात येणारी बस, इंग्रजी नाव, आणि दहावीच्या निकालाचा फलक. यांतला फलक सर्वांत विश्वासार्ह वाटतो. माझं म्हणणं असं, की सर्वांत जास्त दिशाभूल तोच करतो.

अमेरिकेत या प्रश्नावर गेली तीन दशकं मोठा वाद चालू आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. तिथे १९९१ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून चार्टर शाळांना वाट करून दिली. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, मुलांना फी नाही, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. खासगी संस्थेने शाळा चालवायची आणि सरकारने अनुदान द्यायचं ही पद्धत १८५४ सालच्या वुडच्या खलित्यापासून आपल्याकडे आहे. रयत शिक्षण संस्थेपासून तालुक्यातल्या लहान मंडळांपर्यंत महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण त्याच पायावर उभं राहिलं. शिक्षकाची नेमणूक संस्था करते, पगार सरकार देतं. फरक आहे तो एका महत्त्वाच्या गोष्टीत. चार्टर शाळेला ठरावीक वर्षांचा करार मिळतो आणि मुलं शिकत नसतील तर तो करार रद्द होऊन शाळा बंद पडू शकते. आपल्या अनुदानित शाळेचं अनुदान मुलं किती शिकली यावर अवलंबून नसतं. म्हणजे तिकडे हिशेब मागण्याचं जे काम सरकार करतं, ते इकडे पालकावर येऊन पडतं.

हिशेब मागितल्यावर अमेरिकेत काय दिसलं? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने २००९मध्ये सोळा राज्यांतल्या (राजधानी वॉशिंग्टन धरून) चार्टर शाळांची तुलना शेजारच्या सरकारी शाळांशी केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या आणि उरलेल्या जवळपास निम्म्यांत काहीच फरक नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३च्या अहवालात चित्र सुधारलेलं होतं आणि सरासरीत चार्टर शाळांची मुलं थोडी पुढे होती. बॉस्टन शहरात सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली, तेव्हा शहरातल्या चार्टर शाळांचा मोठा फायदा स्पष्ट दिसला. शहराबाहेरच्या चार्टर शाळांत मात्र तसा तो दिसला नाही. एकाच कायद्याखालच्या, एकाच नावाच्या शाळांमध्ये इतकं अंतर. शाळेचा प्रकार कळला म्हणजे शाळा कळली असं होत नाही. ‘जिल्हा परिषदेची आहे म्हणून नको’ आणि ‘संस्थेची आहे म्हणून चांगली’ ही दोन्ही वाक्यं त्या एका शाळेबद्दल काहीच सांगत नाहीत.

आपल्या देशातला पुरावा तर आणखी जवळचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी जुन्या आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत एक प्रयोग केला. अर्ज केलेल्या कुटुंबांतून सोडतीने काही मुलं निवडून त्यांची खासगी शाळेची फी भरली आणि चार वर्षं त्यांची प्रगती मोजली. ज्यांना ही संधी मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही ती मुलं एकाच प्रकारच्या घरांतली होती, त्यामुळे जो फरक पडेल तो शाळेमुळेच पडला असं म्हणता येत होतं. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. खासगी शाळेतली मुलं हिंदीत पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. तेलुगू माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचं नुकसान झाल्याच्या खुणाही दिसल्या. आता खासगी शाळांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. त्यांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, म्हणजे तेवढंच शिक्षण त्यांनी स्वस्तात दिलं. सरकारने यावर जरूर विचार करावा. पण लोणखेड्यातल्या पालकाला सरकारचा खर्च वाचवायचा नाही. त्याच्या खिशातून फी जाणार आहे, आणि त्या फीच्या बदल्यात गणित जास्त येईल ही त्याची अपेक्षा या प्रयोगात पुरी झाली नाही.

मग खासगी शाळांचे निकाल इतके चांगले कसे दिसतात? कारण निकालात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: शाळेने काय शिकवलं आणि मूल घरून काय घेऊन आलं. फी भरू शकणाऱ्या, घरी अभ्यास घेणाऱ्या, शिकवणी लावणाऱ्या घरांतली मुलं ज्या शाळेत जमतात तिचा निकाल शिकवणं सामान्य असलं तरी चांगला लागतो. ज्या शाळेत ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची, वर्षातले काही महिने गैरहजर राहणारी मुलं आहेत, तिचा निकाल शिक्षक झटून काम करत असले तरी मागे राहतो. त्यात आणखी एक गोष्ट फलकावर कधीच दिसत नाही. समजा एखाद्या शाळेत आठवीत साठ मुलं होती. काही नववीत मागे राहिली, काहींना दाखला काढून दुसरीकडे जायला सुचवलं गेलं, काहींना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायला सांगितलं. दहावीला चाळीस बसली आणि चाळीसच्या चाळीस पास झाली. फलकावर शंभर टक्के निकाल लागतो, आणि आठवीतल्या मुलाच्या दृष्टीने त्या शाळेतून दहावी पार होण्याची शक्यता तीनात दोन असते. शेजारच्या शाळेत साठपैकी अठ्ठावन्न बसून पन्नास पास झाली तर तिचा निकाल ८६ टक्के दिसतो, पण साठातली पन्नास मुलं तिने पार नेलेली असतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण तपासण्याची पद्धत खरी आहे आणि ती कुणालाही वापरता येते. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आणि त्यावरून शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की मुलं वाटेत कुठे गळतात ते समजतं. गळतीचा सगळा दोष शाळेचा नसतो, स्थलांतराचाही असतो. म्हणूनच आकडा पाहून थांबू नये, तर मुख्याध्यापकांना कारण विचारावं. कारण सांगता येणारी शाळा आणि प्रश्नावर चिडणारी शाळा, हा फरक पुरेसा बोलका असतो.

माझ्या मते प्राथमिक शाळेची सर्वांत खरी परीक्षा तिसरीच्या वर्गात होते. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार करायला सांगतात. एवढंच. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना आली नाही. जी शाळा निवडायची तिच्यात शेजारपाजारची तिसरी-चौथीतली चार-पाच मुलं जात असतातच. त्यांना दुसरीच्या बालभारतीतलं त्यांनी पाठ न केलेलं पान वाचायला द्यावं. त्यातही हुशार म्हणून ओळखलं जाणारं मूल सोडून मागच्या बाकावरचं मूल निवडावं, कारण हुशार मूल कुठल्याही शाळेत वाचायला शिकतं. कच्च्या मुलाला जी शाळा वाचतं करते तीच शिकवते. पालकाला स्वतःला वाचता येत नसेल तर? हा आक्षेप रास्त आहे, आणि या जिल्ह्यात तो हजारो घरांना लागू आहे. पण मूल अडखळतं आहे की सलग वाचतं आहे हे ऐकून कळतं, आणि वाचलेलं आपल्या बोलीत सांग म्हटल्यावर त्याला अर्थ लागला की नाही तेही कळतं.

बोलीचा मुद्दा इथे टाळताच येत नाही. लोणखेडा-शहादा भागात घरात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलणारी मुलं एकाच वर्गात बसतात. त्यांच्यापैकी कित्येकांना पाठ्यपुस्तकाची मराठीसुद्धा दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली ती याच कारणाने. म्हणून पहिली-दुसरीच्या बाईंना किंवा गुरुजींना मुलाची बोली समजते का, हा प्रश्न वर्गात स्मार्ट टीव्ही आहे का या प्रश्नाच्या आधी विचारला पाहिजे.

यावर येणारा आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. इंग्रजीशिवाय नोकरी नाही, श्रीमंतांची मुलं इंग्रजीत शिकतात, मग आमच्याच मुलांनी बोलीत का अडकावं? आदिवासी विकास विभाग स्वतःच आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी शाळांत पाठवतो, तेव्हा पालकाची ही ओढ चुकीची कशी म्हणायची? ती चुकीची नाहीच. इंग्रजी यायलाच हवी. पण इंग्रजी येणं आणि न समजणाऱ्या इंग्रजीतून गणित, परिसर अभ्यास पाठ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, आणि पुढे सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून घेता येतं. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथल्या मुलाने आधी एका समजणाऱ्या भाषेत घट्ट वाचायला शिकावं आणि मग सेमीकडे वळावं, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. इंग्रजी माध्यम निवडायचंच असेल तर तिथल्या शिक्षकांचं शिक्षण आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) विचारावी, ते किती वर्षं टिकतात ते विचारावं, आणि शाळेला मान्यता कितवीपर्यंत आहे ते कागदावर पाहावं. मान्यता काही इयत्तांपुरतीच असेल तर पुढे दाखला घेऊन फिरावं लागतं.

खर्चाच्या बाबतीत पालक फी पाहतात आणि बाकीचं विसरतात. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण मोफत आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत फीखेरीज बस, पुस्तकं, गणवेश आणि बहुतेक वेळा शिकवणीही येते. शिक्षणहक्क कायद्याखाली अशा शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला, म्हणून हा हक्क आजही शाबूत आहे. मात्र तो आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी भरायची की चौदा वर्षांच्या मुलाला अनोळखी शाळेत, कदाचित वेगळ्या माध्यमात टाकायचं, हा पेच पहिलीत प्रवेश घेतानाच डोळ्यांसमोर असावा.

जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल लोक तक्रार करतात ती बहुतेक वेळा खरी असते. दोन शिक्षक आणि चार वर्ग, बदलीने गेलेल्या शिक्षकाची रिकामी जागा, शिकवण्याबाहेरची सरकारी कामं. अशी शाळा केवळ तत्त्व म्हणून निवडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण जाणत्या पालकांनी मुलं काढून घेतली की पट घटतो, पट घटला की शिक्षकाचं पद जातं, आणि मागे राहतात ती ज्यांना दुसरी वाटच नाही अशा घरांतली मुलं. याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. खासगी शाळेत फी ठरवताना कार्यकारी समितीत बसण्यापलीकडे पालकाला फारसा अधिकार नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याला शाळा विकास आराखडा मागता येतो, शिक्षकाच्या गैरहजेरीची नोंद करता येते, रिकाम्या पदाचा ठराव करता येतो. हा अधिकार फारसा वापरला जात नाही, कारण ज्यांना तो वापरता आला असता त्यांची मुलं शाळेच्या बसने आधीच दुसरीकडे गेलेली असतात.

ही सगळी चौकशी एकेका पालकाने करावी ही अपेक्षा जड आहे, हे मान्य करायला हवं. म्हणून एक गोष्ट नंदुरबार जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार व तळोदा प्रकल्प कार्यालयांनी करावी. दरवर्षी प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक शाळेच्या दारावर, मग ती परिषदेची असो, संस्थेची, फीवाली किंवा आश्रमशाळा, चार आकडे लावायला लावावेत: तिसरीतल्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, शिक्षकांची किती पदं भरलेली आहेत, आठवीतली किती मुलं दहावीला बसली, आणि एका मुलामागे वर्षाला घरचा एकूण किती पैसा लागतो. वाचनाची तपासणी शाळेने स्वतः न करता शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकांनी करावी. पटसंख्येचे आणि शिक्षकांचे आकडे यू-डायसमध्ये आधीच भरलेले असतात. नवीन काम आहे ते मुख्यतः वाचनाचं, आणि त्याला एका वर्गामागे अर्धा दिवस पुरतो.