गाडीवरची फिल्म काढताना रंग कसा वाचवाल?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवली, रबाळे, घणसोली भागात गॅरेजचा धंदा करणाऱ्यांकडे आता नवे काम येऊ लागले आहे. नव्या गाडीचा रंग ओरखड्यांपासून वाचावा म्हणून मालक तिच्यावर पारदर्शक फिल्म बसवून घेतात. काही वर्षांनी ती पिवळी पडते, कडा उचलल्या जातात आणि ती काढण्याची वेळ येते. काम सोपे वाटते, पण हात चुकला तर फिल्मबरोबर रंगही निघतो आणि मजुरीपेक्षा भरपाईच जास्त द्यावी लागते.

ही फिल्म पॉलियुरेथेनची असून साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. कंपनीच्या रंगाचे सर्व थर मिळून मात्र साधारण १०० ते १४० मायक्रॉनच भरतात. म्हणजे वरचे आवरण रंगाहून जाड! कारखान्यात रंग सुमारे १४० अंश उष्णतेवर भाजलेला असल्याने पत्र्याला घट्ट धरतो. गॅरेजमध्ये लांबी भरून मारलेल्या रंगाला तेवढी उष्णता मिळत नाही, त्यामुळे तोच आधी सुटतो.

म्हणून काम घेण्यापूर्वी ग्राहकाला विचारावे, गाडीला अपघात झाला होता का? रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असल्यास फिल्मवरूनच प्रत्येक दार तपासावे. एका दारावर आकडा इतरांपेक्षा बराच जास्त आला, तर तिथे पुन्हा रंगकाम झाले असावे. ही गोष्ट ग्राहकाला दाखवून जॉबकार्डवर लिहावी व त्याची सही घ्यावी.

काम सावलीत करावे. गाडी धुऊन कोरडी करावी. हीट गन एका जागी न धरता वीतभर अंतरावरून फिरवत राहावी. फिल्म हाताला चांगली गरम लागावी, पण चटका बसू नये. बंपर प्लास्टिकचा असल्याने तेथे उष्णता आणखी कमी ठेवावी. मग कोपरा नखाने उचलून फिल्म तिच्याच पाठीवर दुमडत, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावी. सरळ वर उपटल्यास सगळा जोर रंगावर येतो. फिल्म तुटू लागली तर पुन्हा गरम करावी. ब्लेड कधीही लावू नये. रंग उचलताना दिसला तर तिथेच थांबून ग्राहकाला बोलवावे.

मागे राहिलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा टार रिमूव्हरने मऊ कापड भिजवून पुसावा. आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहावे, आणि त्या वेळी हीट गन बंद असावी, कारण ही द्रव्ये पेट घेतात. थिनर टाळावा, गॅरेजमध्ये मारलेला रंग त्याने विरघळू शकतो. शेवटी शाम्पूने धुऊन पॉलिश करावे.

जुनी फिल्म लहान तुकड्यांत निघते, त्यामुळे वेळ बराच लागतो. मजुरी तो वेळ धरूनच सांगावी. घाईत स्वस्त केलेले काम कारागिराला शेवटी महागच पडते.