जीपगाडीची निगा : घरीं किती, मिस्त्रीकडे किती?

कळमनुरीच्या परिसरांतील काळी जमीन पावसाळ्यांत वाहनांची खरी परीक्षा घेते. बेसाल्ट खडकापासून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, चाकांवर थरावर थर चढविते, आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. हमरस्ता सोडून कापसाच्या वा हळदीच्या शेताकडे वळतांच साधी मोटार जागच्या जागीं चाकें फिरवीत बसते. अशा ठिकाणीं चारहि चाकांना इंजिनाची ओढ देणारी गाडी, म्हणजेच फोर-व्हील ड्राइव्ह, कामास येते. मुंबईंत विलिज जीपची जुळणी सुरू झाली. पुढें बोलण्यांत अशा बहुतेक गाड्यांना ‘जीप’ हेंच नांव चिकटलें. आज नांदेडसारख्या शहरांत राहून गांवाकडची शेती पाहणाऱ्या कुटुंबाच्या दारांतहि ती उभी असते. मग प्रश्न येतो : तिची निगा घरीं राखावी, कीं मिस्त्रीच्या स्वाधीन करावी?

कांहीं मालक बॉनेटसुद्धां उघडीत नाहींत. कांहीं हौसेनें ब्रेकहि उघडून बसतात. दोन्ही टोकें चुकीचीं. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावे. काम बरोबर झालें कीं नाहीं, हें घरच्या घरीं पडताळतां येतें काय? आणि तें चुकलें तर नुकसान पैशाचें होईल कीं प्राणाचें? पहिल्याचें उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचें ‘पैशाचें’ असेल, तर तें काम खुशाल घरीं करावें.

त्यासाठीं या गाडीची रचना समजली पाहिजे. गिअरबॉक्सला जोडून हिच्यांत ‘ट्रान्सफर केस’ नांवाची दंतचक्रांची आणखी एक पेटी असते. ती शक्तीचे दोन वाटे करते; एक दांडा मागच्या आंसाकडे जातो, दुसरा पुढच्या. प्रत्येक आंसावरचें डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना वळणावर निरनिराळ्या गतीनें फिरूं देतें. परंतु लिव्हर ओढून दोन्ही आंस जोडले कीं पुढच्या व मागच्या जोडींत ती मोकळीक उरत नाहीं. वळतांना पुढचीं चाकें अधिक लांबीच्या वाटेनें जातात. चिखलांत हा फरक चाकें घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर सारा ताण दांड्यांवर व दात्यांवर येतो. म्हणून चारहि चाकें निसरड्या वा मऊ जमिनीवरच जोडावीं, आणि चारहि टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावे. ही पहिली निगा; तिला पान्याचीहि गरज नाहीं. गाडी घेतांना मात्र नुसत्या नांवावर जाऊं नये. २०२० सालीं आलेल्या नव्या ‘थार’चा केवळ मागच्या चाकांवर चालणारा प्रकारहि २०२३ सालीं बाजारांत आला.

घरीं करण्याजोगीं कामें पुष्कळ आहेत : इंजिन ऑइलची पातळी पाहणें, इंजिन गार असतांना रेडिएटरचें पाणी तपासणें, बॅटरीच्या टोकांवरचा खार काढणें, टायरांतील हवा मोजणें, हवेच्या फिल्टरची धूळ झटकणें. शेतांतून परतल्यावर गाडीच्या पोटाखालचा चिखल त्याच दिवशीं धुवावा. तो वाळून दगडासारखा झाला म्हणजे फाटलेली रबरी टोपी वा गळकी ब्रेकची नळी त्याखालीं दडून राहते. दांड्यांच्या सांध्यांना ग्रीसचें निपल असेल तर ग्रीसगननें नवें ग्रीस भरावें. जुनें बाहेर पडून नवें दिसूं लागलें कीं काम झालें.

आंस बुडेल इतक्या पाण्यांतून गाडी गेली असेल तर आणखी एक तपासणी हवी. तापलेला आंस गार पाण्यांत शिरला कीं आंतली हवा आकसते व सीलांतून वा हवेच्या नळीतून पाणी ओढून घेते. सपाट जागीं डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट काढून ऑइल बोटानें पाहावें. तें दुधाळ दिसलें तर विनाविलंब बदलावें. पाणी मिसळलेलें ऑइल दाते व बेअरिंगें खाऊन टाकतें. येथें एक नियम विसरूं नये : आधीं भरण्याचा बोल्ट सुटतो कीं नाहीं तें पाहावें, मगच निचऱ्याचा बोल्ट काढावा. नाहींतर ऑइल सांडून जातें आणि नवें भरायला वाटच राहत नाहीं. काढलेलें ऑइल मातींत वा ओढ्यांत ओतूं नये. डब्यांत सांठवून तें गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावें.

गाडी उचलणें हें मात्र जोखमीचें काम आहे. काळ्या जमिनींत जॅक रुततो. त्याला फरशी वा काँक्रीट हवें. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणींहि गाडीखालीं जाऊं नये. भक्कम स्टँड लावावे. गाडी गिअरमध्यें आहे म्हणजे हलणार नाहीं, हा समजहि घातक आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्यें असेल तर गिअर चाकांना धरीतच नाहीं; आणि दोन चाकांच्या ओढीवर असतांना मागचें एक चाक अधांतरीं झालें, तर डिफरन्शियल त्याला मोकळें फिरूं देतें व गाडी सरकूं शकते. म्हणून हँडब्रेक ओढून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावे.

ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचीं बेअरिंगें व क्लच हीं कामें मिस्त्रीचीं. डिफरन्शियलच्या दात्यांमधील फट मिलिमीटरच्या अंशांत मापून बसवावी लागते. डोळ्यांच्या अंदाजाचा तेथें उपयोग नाहीं. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्याहि वर जातो. त्या नळ्या घरीं सोडल्यास उडणारी धार कातडी भेदूं शकते. वॉरंटीच्या मुदतींत ठरलेली सर्व्हिस कंपनीच्या नियमांप्रमाणें करून तिची नोंद ठेवावी, हेंहि शहाणपणाचें.

घरची निगा मिस्त्रीचें काम हिरावून घेत नाहीं. तें नेमकें करते. किती किलोमीटरवर काय तपासलें, कोठें ओल दिसली, कोणत्या वेगाला आवाज आला, हें वहींत लिहून नेणाऱ्या मालकाचें निदान लवकर होतें, आणि अनावश्यक सुटे भाग त्याच्या माथीं सहसा मारले जात नाहींत. पान्याला हात कोठें घालावा आणि कोठें आंवरावा, हें ज्याला कळलें त्याची गाडी चिखलांतूनहि घरीं परतते.