खतावणीत नोंदलेला रातकिडा

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून वेरूळकडे निघालेला पाहुणा गुहा पाहावयास म्हणून जातो. परंतु ती लेणी मानवाने काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. निसर्गनिर्मित लांब, अंधाऱ्या गुहा बहुधा चुनखडीच्या खडकात आढळतात. पावसाचे पाणी तो खडक सहस्रावधी वर्षे विरघळवीत राहते. अशीच एक गुहा आपल्या गडचिरोली जिल्ह्यापलीकडे, छत्तीसगडमधील जगदलपूरजवळ, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिचे नाव कुटुमसर. तेथील एका रातकिड्याची ही हकिकत.

1950 च्या दशकात प्रा. शंकर तिवारी यांनी या गुहेचा अभ्यास केला. पुढे 1977 साली सिन्हा व अग्रवाल या अभ्यासकांनी तेथील रातकिड्याचे वर्णन करून तो स्वतंत्र जातीचा असल्याचे दाखविले. त्याचे नाव ‘केम्पिओला शंकरी’. नावाचा दुसरा शब्द तिवारींचे स्मरण देतो. पहिला, आडनावासारखा शब्द स्टॅन्ले केम्प यांचा. त्यांनी 1922 मध्ये मेघालयातील सिजू गुहेतील जीवसृष्टीची पाहणी केली होती.

अंगणातला रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो. गुहांतील अनेक जातींना मात्र पंखच नसतात, म्हणून त्या मूक असतात. अंधारात वाट शोधण्यासाठी त्यांच्या मिशा शरीराहूनही लांब असतात. गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणून हिरवे पान नाही. पुराबरोबर वाहून येणारा पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा हेच तेथील भांडवल. सारा व्यवहार बाहेरून येणाऱ्या मालावर चालतो.

बँकेत खाते उघडताना नमुना स्वाक्षरी घेतली जाते; पुढे शंका आल्यास सही तिच्याशी ताडून पाहतात. प्राणिशास्त्रातही नव्या जातीचा एक नमुना संग्रहात जतन केला जातो आणि त्या नावावर हक्क सांगणारा प्रत्येक जीव त्याच्याशी ताडला जातो. येथे अहिंसाप्रिय मन अडखळते, कारण हा नमुना म्हणजे बहुधा एका जीवाचा अंत होय. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व जनुकीय तपासणी यांची आज मदत होते, तरी नमुन्याची गरज पूर्णपणे संपलेली नाही. ही बोच झाकण्याचे कारण नाही. मात्र दुसरी बाजूही तोलावी. खतावणीत ज्याचे नाव नाही, त्याची तूट ताळेबंदात दिसत नाही. एखाद्या गुहेत खाणकाम झाले आणि तेथील जात अनामच राहिली असेल, तर ती समूळ नष्ट होऊनही कोणाच्या ध्यानी येणार नाही. नोंद झाली म्हणजे निदान विचारणा करता येते.

हा धोका केवळ खाणींचाच नव्हे. कुटुमसर पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. एरवी तेथे गर्दी होते. मशालीचा धूर, प्रखर दिवे, आरडाओरड यांनी वटवाघळे स्थलांतर करतात आणि त्यांच्याबरोबर रातकिड्याचे अन्नही जाते. म्हणून सुटीत कुटुंबासह अशा गुहेत गेल्यास दिवा मंद ठेवावा, आवाज आवरावा, खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत, भिंतींना हात लावू नये. एवढ्याशा संयमाने एका अख्ख्या जातीचे खाते चालू राहते.