दुवा कोणत्या ब्राउझरमध्ये उघडतो?

समजा, साताऱ्याच्या एका शिक्षिकेने सांगलीतील सहकाऱ्याला मराठी विश्वकोशातील एका नोंदीचा दुवा ई-मेलने पाठवला. वाईला तयार झालेल्या या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. दुव्यावर टिचकी मारताच नोंद पडद्यावर येते. पण घरच्या संगणकावर दोन-तीन ब्राउझर असतील, तर त्यांपैकी नेमका एकच कसा उघडतो?

संगणकाची कार्यप्रणाली एक तक्ता बाळगून असते. कोणत्या प्रकारची गोष्ट कोणत्या प्रोग्रामकडे सोपवायची, हे त्यात लिहिलेले असते. दुव्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे दिसली, की कार्यप्रणाली तक्ता पाहते आणि तेथे नोंदलेल्या ब्राउझरला हाक मारते. हाच आपला ‘डिफॉल्ट’ ब्राउझर. तो बदलणे म्हणजे तक्त्यातील नाव बदलणे. जुना ब्राउझर त्यामुळे पुसला जात नाही.

हे नाव पहिल्यांदा आपण लिहिलेले नसते, ते संगणकाबरोबरच येते. बहुतेक जण ते कधीच बदलत नाहीत, म्हणून कंपन्यांना त्याचे मोल फार. १९९८ साली अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो विंडोजला जोडलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररवरून. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड फोनमध्ये क्रोमसह गूगलची अ‍ॅप्स आधीच भरण्याची सक्ती, हा त्यातील एक मुद्दा होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ब्राउझरमध्ये त्रुटी सापडत राहतात आणि नव्या आवृत्त्यांतून त्या बुजवल्या जातात. आवृत्त्या थांबल्या की त्रुटी तशाच उघड्या राहतात. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. ती जानेवारी २०२३ मध्ये आली. फायरफॉक्सने ११५ ही आवृत्ती त्यानंतरही अशा संगणकांसाठी सांभाळली. मात्र विंडोज ७ चीच दुरुस्ती २०२० साली थांबली असल्याने, ब्राउझर बदलला तरी त्या संगणकावर बँकेचे व्यवहार टाळलेलेच बरे.

बदल करायचा तर नवा ब्राउझर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅप्स’, मग ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ येथे जाऊन त्याची निवड करा. जुन्या खुणा व पासवर्ड आपोआप नव्यात येत नाहीत. नव्या ब्राउझरच्या ‘इम्पोर्ट’ सोयीने ते आणावे लागतात.

शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांकडून एवढे करून घ्या : आधी डिफॉल्ट ब्राउझर कोणता ते ओळखा, त्याची आवृत्ती वहीत लिहा, मग तो बदलून विश्वकोशाचा तोच दुवा पुन्हा उघडा. काय बदलले आणि काय तसेच राहिले, याची यादी त्यांनाच करू द्या.