दरबार आणि दवाखाना

१९१७ साली ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. या वयात माणूस पेन्शनचा हिशोब करतो. टिळकांनी पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य व्हायची तयारी पुरेशी होती, मंडळीच्या वहीत नाव असायलाच हवं असं नव्हतं. शिवाय कारभार इथल्याच माणसांनी पाहावा, परदेशी मिशनचा त्यावर हात नसावा, हा टिळकांचा आग्रह होता. पुढे ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबारही उरला नाही.

साताऱ्याहून कृष्णेच्या काठाकाठानं खाली आलं की सांगली-मिरज लागते. १८८९ साली विल्यम वानलेस नावाचा तरुण कॅनेडियन डॉक्टर प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आला आणि त्यानं छोटा दवाखाना सुरू केला. १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभं राहिलं. जागा संस्थानिकांकडून मिळाली आणि पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या कारखानदाराकडून आला. वानलेस यांचा हात मोतीबिंदूवर फार चालायचा, हे मिरजेत आजही सांगतात. मला त्यांचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. इस्पितळ उघडून तीन वर्षं होतात न होतात तोच, १८९७ साली, त्यांनी हाताखालच्या मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. तिथं शिकलेली माणसं पुढे देशभरच्या मिशन इस्पितळांत गेली. १९२८ मध्ये वानलेस निवृत्त झाले, तेव्हा सूत्रं घ्यायला डॉ. चार्ल्स व्हेल तयार होते. इस्पितळाचं काम पुढे चालू राहिलं. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वस्तीला लोक आजही वानलेसवाडीच म्हणतात.

सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळ्यांबद्दल लिहायचं तर या दोघांना शेजारी बसवून लिहावं लागतं. दार उघडं कसं ठेवायचं ते टिळकांना कळलं होतं, पण आपल्यामागे दारापाशी कोण उभं राहील याची तजवीज त्यांना करता आली नाही. वानलेस यांनी ती तजवीज केली, पण इस्पितळासाठी. मंडळीची घडी निराळी असते. आजच्या मंडळीच्या पुढाऱ्याला दोघांचंही काम एकट्यानं अंगावर घ्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी यातलं एकच जमतं आणि पुष्कळ ठिकाणी एकही जमत नाही.

आधी आकडा लक्षात घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्यालाही थोडे कमी, म्हणजे ०.९६ टक्के. त्यातला मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे इथला. सातारा-सांगलीत हे प्रमाण त्याहूनही उतरतं. गावात पाचपंचवीस घरं असतात आणि बहुतेक एकमेकांच्या सोयरिकीतली. मिशनच्या जुन्या मंडळ्यांपैकी काही उत्तर भारत मंडळीत, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या सीएनआयमध्ये आल्या, काही स्वतंत्र राहिल्या. त्याशिवाय गेल्या काही दशकांत पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभा आल्या. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी आहे, तिच्यात मी इथं शिरत नाही.

जुन्या मंडळ्यांचे वडीलधारे नव्या सभांवर चिडून असतात. 'आमची माणसं पळवतात' ही तक्रार ठरलेली. ती पूर्ण खोटी नाही. पण माणूस का गेला, हे त्याच्या घरी जाऊन कुणी विचारलं का? बहुतेक वेळा कारण धर्मशास्त्राचं नसतं. आई महिनाभर आजारी होती आणि मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. मुलीच्या लग्नाची चिठ्ठी पाळकांनी चार खेपा घालायला लावल्यावर दिली. नव्या सभेत पहिल्याच दिवशी कुणीतरी नाव विचारलं, दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या आठवड्यात ढोलकी हातात दिली. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, कारण काम हातात आलं की पाहुणा पाहुणा राहत नाही.

जुन्या मंडळीत पाहुण्याचं काय होतं? रविवारच्या भक्तीला तो दारात चप्पल काढतो किंवा काढत नाही, कारण इथली रीत काय ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुरुष कुठल्या बाजूला आणि बायका कुठल्या, हे तो अंदाजानं ठरवतो. कुणाच्या तरी ठरलेल्या बाकावर बसतो आणि तो कुणीतरी आला की उठतो. 'उपासना संगीत' सगळ्यांच्या हातात असतं, त्याच्या नसतं. गाण्याचा नंबर पुकारतात, त्यावरून त्याला काही बोध होत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी उठायचं की बसून राहायचं, हा पेच त्याला एकट्यालाच सोडवावा लागतो. शेवटी सूचना: महिला मंडळाची सभा अमक्यांच्या घरी, तरुण संघाची तमक्यांच्या घरी. घरं सगळ्यांना माहीत आहेत असं गृहीतच धरलेलं. भक्ती सुटली की लोक आपापल्या सोयऱ्यांशी बोलत उभे राहतात.

यात कुणाचाही आकस नसतो. आपल्याच घरात आपण पाटी लावत नाही, तसं हे. पण कारभारी मंडळींनी हे एकदा तरी परक्याच्या डोळ्यांनी पाहायला हवं. उपाय अगदी साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. दारात एक जण असावा, पण तो दर रविवारी तोच वडील नसावा. पाळीपाळीनं घरं ठरवावीत, त्यात तरुण पोरंही यावीत. गाण्याची जादा पुस्तकं दारातच ठेवावीत. पाळकांनी प्रभुभोजनाआधी दोन वाक्यांत सांगावं की कुणी पुढे यायचं आहे आणि जे येणार नाहीत त्यांनी निर्धास्त बसून राहावं. मिरजेसारख्या ठिकाणी वैद्यकीय शिक्षणासाठी परमुलखातली मुलंमुली येतात. त्यांच्यासाठी एखादं वचन हिंदीत किंवा इंग्रजीत वाचलं तर मराठी भक्तीचं काही बिघडत नाही. भक्तीनंतरचा चहा मात्र मंडळीच्या आवारातच व्हावा. नव्या माणसाची खरी ओळख चहाच्या कपाशीच होते.

चहावरून जेवण, आणि जेवणावरून जात. हा विषय टाळून सातारा-सांगलीत स्वागताची गोष्ट करता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. त्याच भीमरावांनी पुढे भारतातल्या ख्रिस्ती धर्मावर जे लेखन केलं, त्यात मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखान्यांचं श्रेय त्यांनी नाकारलं नाही. पण धर्मांतरानंतरही जात तशीच राहिली, हा ठपका त्यांनी स्वच्छ ठेवला. पूर्वाश्रमीचे महार आणि पूर्वाश्रमीचे मांग यांच्या मंडळ्या शेजारी राहून वेगळ्या, सोयरिकी वेगळ्या, आणि पंच निवडताना मनातला हिशोबही वेगळा: हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा ठपका जुना झाला असं म्हणता येणार नाही. त्यात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत. त्यामुळे दर रविवारी येणारं एखादं घर कागदावर ख्रिस्ती नसतं. त्या घराला 'अर्धवट' म्हणून हिणवणारे मंडळीत निघतातच. टिळकांच्या दरबारात त्याच घराला सन्मानाची जागा मिळाली असती.

याच साताऱ्यात १९२४ पासून भाऊराव पाटलांनी आपलं वसतिगृह चालवलं. रयत शिक्षण संस्था त्याआधी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी निघाली होती. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि मिळून स्वयंपाक करत. १९२७ मध्ये गांधींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. मला इथं भाऊरावांची युक्ती महत्त्वाची वाटते. समतेचा उपदेश त्यांनी पुष्कळ केला असेल, पण मुलं बदलली ती भाकरी थापण्याच्या पाळीमुळे. नाताळचं किंवा हंगामाच्या उपकारस्तुतीचं जेवण जिथं एकाच आळीतल्या बायका वर्षानुवर्षं रांधतात, तिथं ही पाळी बदलून पाहावी. कुरकुर होईल, आणि त्या कुरकुरीवरून मंडळी नेमकी कुठं उभी आहे ते पाळकांना कुठल्याही वार्षिक अहवालापेक्षा नीट कळेल.

बाहेरून पाहणाऱ्याला या स्वागतात आमिष दिसतं, हेही मान्य करायला हवं. परक्या माणसाला चहा दिला तरी 'धर्मांतराचा डाव' म्हणणारे आज गावोगाव आहेत. यावर दार लावून घेणं हा उपाय नाही. जे करायचं ते उघड्या दारानं, हिशोब मांडून आणि बदल्यात काही न मागता करावं. वाईचं किंवा मिरजेचं मिशन हॉस्पिटल पंचक्रोशीनं आपलं मानलं, कारण तिथं पोटात दुखणाऱ्याला आधी धर्म विचारत नव्हते. सांगलीच्या मिशनच्या शेतकी शाळेतून मिशनरी जॉन गोहीन शेतीचं शिक्षण खेड्यापाड्यांत घेऊन जात, तेही याच वळणाचं काम. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, तेव्हा ज्याच्याकडे उंचावरची कोरडी जागा होती त्याचं महत्त्व सगळ्यांनाच कळलं. मंडळ्यांकडे इमारती आणि आवारं आहेत. पुराच्या दिवसांत किल्ली कुणाकडे आणि निर्णय कुणाचा, हे जूनच्या आधी ठरलेलं असावं.

किल्लीवरून मी वानलेस यांच्याकडे येतो. पुष्कळ मंडळ्यांत किल्ली, पासबुक, शिक्का आणि पेटीची चावी एकाच घरात असते. तो माणूस प्रामाणिक असतो, म्हणूनच कुणी बोलत नाही. तो थकला की सगळं थकतं. विश्वस्त वारले तरी धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, गेलेला नसतो, आणि वीस वर्षांनी आवाराच्या जमिनीवर वाद निघाला की कागदावर सही करायला एकही जिवंत विश्वस्त उरलेला नसतो. मंडळीच्या भरभराटीवर प्रवचनं खूप होतात. माझ्या मते तिची सुरुवात या चेंज रिपोर्टपासून व्हावी. दर महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावावा, खजिनदाराची मुदत ठरलेली असावी, आणि प्रत्येक पदाच्या हाताखाली शिकणारा एक जण असावा. पाळकांची तर बदलीच होत असते. ज्या मंडळीचं सगळं काम पाळकांच्याच अंगावर आहे, तिची घडी दर बदलीला विस्कटते.

मंडळीनं स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा हा प्रश्न जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, ते हेच सांगत: मंडळीला तिचा स्वतःचा पाळक हवा आणि त्याचा खर्च तिनं स्वतः उचलावा. त्याच सुमारास अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण पगार मिशनकडून येत राहिला आणि मिशनचा बंगला हेच सत्तेचं ठिकाण राहिलं. साठ वर्षांनी टिळक साताऱ्यात येऊन बसले ते यालाच कंटाळून. मिशनरी गेल्यावर बंगला रिकामा झाला, पण बंगल्यावर जाऊन विचारायची सवय राहिली. आता फक्त बंगल्यातला साहेब मराठी बोलतो.

सवय मोडायची तर बायकांकडे पाहावं. महिला मंडळ हा कुठल्याही मंडळीचा सगळ्यात नेटका चालणारा भाग असतो: वर्गणी वेळेवर, आजाऱ्यांच्या भेटी वेळेवर, बैठकीची नोंद वहीत. तरी पंच कमिटीत एखादीच बाई दिसते आणि तिच्याकडे चहाचं काम येतं. टिळकांचं काम त्यांच्यामागे कुणी पुढे नेलं ते आठवावं. दरबार मिटला, पण टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईंना शाळा अशी लाभलीच नव्हती, त्यांनी नवऱ्याचं महाकाव्य हातावेगळं केलं आणि वर 'स्मृतिचित्रे' लिहिली. दरबाराचा विचारही अगदीच वाया गेला नाही. टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यावर टिळकांच्या कल्पनेची छाप होती. साताऱ्यातल्या मंडळ्यांनी मात्र तो धागा उचलला नाही.

उचलायचा झाला तर आज तो कुठून उचलावा? वार्षिक सभेच्या यादीपासून, असं मला वाटतं. मतदानाचा हक्क प्रभुभोजनास पात्र सभासदांना, हा नियम बहुतेक घटनांत आहे आणि तो मोडावा असं मी म्हणत नाही. पण दुसरी एक वही ठेवायला कुठल्या घटनेची आडकाठी आहे? बाप्तिस्मा न घेतलेले पण येणारे, लग्न होऊन आलेल्या हिंदू सुना, नर्सिंगला आलेल्या मुली, पुण्याहून महिन्यातून एकदा येणारी पोरं: या सगळ्यांची नावं, फोन आणि त्यांना काय येतं याची नोंद. कुणाला तबला येतो, कुणाला संगणकावर हिशोब ठेवता येतो, कुणाकडे टेम्पो आहे. त्यांना सभेत बोलू द्यावं, मत भले नसो. भजनाला, शब्बाथशाळेला, आजाऱ्यांच्या भेटींना त्यांची पाळी लावावी. आणि वही पाळकांकडे न ठेवता पंचविशीतल्या एखाद्या पोरीकडे द्यावी, हाताखाली आणखी एक जण नेमून.