शिसपेन्सिलीत शिसे नसते

'शिसपेन्सिल' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातली चूक आता कुणाला खटकत नाही. पेन्सिलीत शिशाचा कणही नसतो. असते ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला हे काळे, बोटांना ओशट लागणारे खनिज सापडले आणि लोकांनी रंगावरून ते काळे शिसे ठरवून टाकले. १७७९ मध्ये शील या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की हा कोळशाचाच एक प्रकार आहे. पुढे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा जाळला, तेव्हा तितक्याच वजनाच्या कोळशातून जेवढा वायू निघतो तेवढाच त्यातूनही निघाला. अंगठीतला हिरा आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. तरी एक काच कापतो आणि दुसरे साध्या कागदावर घासले तरी झिजते. गुणधर्म केवळ अणूच्या जातीवरून ठरत असते, तर असे होणे शक्यच नव्हते. पदार्थाचा स्वभाव ठरतो तो अणू एकमेकांना कसे धरतात त्यावरून, आणि याचा कार्बनइतका लख्ख पुरावा दुसरा नाही.

हिऱ्यात प्रत्येक अणू चार दिशांना चार शेजाऱ्यांना सारख्याच ताकदीने धरतो. ही रचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूचे शेजारी तीनच, सगळे एकाच पातळीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत. त्या जाळीतले दोन अणू ०.१४२ नॅनोमीटरवर असतात, हिऱ्यातल्या ०.१५४ पेक्षाही जवळ. म्हणजे 'मऊ' ग्रॅफाइटमधला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा बळकट आहे! मऊपणा येतो तो थरांच्या मधून: दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटरचे अंतर आणि अगदी क्षीण ओढ. पेन्सिल ओढली की थरांच्या चवडी सुटून कागदाला चिकटतात. तीन शेजाऱ्यांना धरून उरलेला अणूचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइट काळे आणि विजेचे वाहक. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, म्हणून तो पारदर्शक आणि विजेला बंद. उष्णता मात्र तो तांब्याच्या सुमारे पाचपट वाहून नेतो, कारण हलके अणू ताठ बंधांनी जोडलेले असले की कंपने सरसर पुढे जातात. जवाहिऱ्याकडचे हिरा तपासायचे छोटे यंत्र याच गुणावर चालते. 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकला जाणारा झिर्कोनियाचा खडा उष्णता तशी वाहून नेत नाही आणि तिथेच पकडला जातो.

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, ही समजूत फार जुनी आहे. तुकोबांच्या अभंगात हा दृष्टान्त आहे आणि रोमन ग्रंथकार प्लिनीनेही तसेच लिहून ठेवले आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे, पण सोन्यासारखा हिरा घेऊन कुणी हा प्रयोग करू नये. ओरखडा न उमटणे आणि न फुटणे हे दोन वेगळे गुण आहेत. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांच्या पातळ्या अशा असतात की त्या ओलांडणारे बंध तुलनेने कमी भरतात. नेमका तिथे घाव बसला की हिरा सपाट चिरतो. ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या जोसेफ ॲशरने पोलादी पाते आणि ठोक्यानेच फोडला. बंध कडक, दिशाबद्ध आणि न सरकणारे, म्हणूनच हिरा ओरखडत नाही. आणि म्हणूनच घाव पोटात घेता न आल्याने तो तडकतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लोखंडात किंचित कार्बन मिसळला की पोलाद होते. लोखंडाचे बंध जवळजवळ तेच राहतात, ताकद मात्र कितीतरी बदलते. धातूंची ताकद स्फटिकातल्या चुकलेल्या ओळींवर अवलंबून असते, हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी वेगवेगळे मांडले. मग बंधांचे एवढे कौतुक कशाला? कारण त्या ओळी सरकणार की अडून बसणार, हे बंधच ठरवतात. धातूतल्या बंधाला ठरावीक दिशा नसते, म्हणून ओळ सहज पुढे जाते आणि तांब्याची तार हाताने वाकते. हिऱ्यात ती हलत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. थर सैल असल्यामुळेच ग्रॅफाइट निसरडे असेल, तर ते निर्वातातही निसरडे राहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात फार उंच उडणाऱ्या विमानांच्या विजेच्या यंत्रांतले ग्रॅफाइटचे कार्बन ब्रश मात्र झपाट्याने झिजू लागले. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत पाण्याची वाफ जवळजवळ नव्हतीच. थरांच्या कडांना अर्धवट सुटलेले बंध असतात. वाफ त्यांना शांत करते, ती नसली की कडा एकमेकींत अडकतात. पाठ्यपुस्तकातले 'सैल थर' हे उत्तर त्यामुळे अपुरे ठरते, पण त्याची उणीव भरून काढतो तोही बंधच.

आता उरते ते टिकण्याचे. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला कार्बनचे अधिक स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, हिरा नव्हे. हिऱ्याचे ग्रॅफाइट व्हायचे तर आधी त्याचे चारी बाजूंचे बंध तुटावे लागतात, आणि घरातल्या तापमानाला ते तुटत नाहीत. आजीच्या हिऱ्यांच्या कुड्या नातीपर्यंत जशाच्या तशा पोहोचतात त्या एवढ्याच कारणाने.