कॉम्प्युटरला घातलेली मुले आणि पहिले सेमिस्टर



लागणीच्या नोंदीसाठी आम्ही गटात फिरतो तेव्हा पूर्वी बेणे, खत आणि पाण्याची पाळी एवढीच चौकशी असायची. अलीकडे नोंद झाली की हळूच दुसरा प्रश्न येतो, "साहेब, पोराला कॉम्प्युटरला घातलंय. ते प्रोग्रामिंग म्हणजे नक्की काय असतं? पोरगं म्हणतंय मला काहीच कळंना."

बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि इंजिनिअरिंग, या सगळ्यांना पहिल्या वर्षी हा विषय भेटतोच. उसाच्या बिलातून फी भरलेली असते. मुलगा किंवा मुलगी शहरात खोली घेऊन राहिलेली असते, आणि दिवाळीला घरी येते ती तोंड उतरवून. अशा वेळी घरच्यांना विषयाची थोडी कल्पना असली तर घाईने निर्णय होत नाही. म्हणून कार्यक्षेत्रातील शिकणाऱ्या मुलांकडे व शिकविणाऱ्यांकडे विचारपूस करून आम्ही ही माहिती देत आहोत.

प्रोग्रामिंग म्हणजे काय

तोडणीच्या मुकादमाला आपण "ओढ्याकडचं रान उद्या घ्या" एवढेच सांगतो. कुठून सुरुवात करायची, वाढे कुठे टाकायचे, गाडी कुठे लावायची, हे त्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र एकेक पायरी सांगावी लागते. तो फार वेगाने काम करतो, पण मनाने काहीच करीत नाही. सांगायचे राहिले तर तो करणार नाही, आणि चुकीचे सांगितले तर चुकीचेच करील. मोठे काम लहान लहान पायऱ्यांत मोडायचे आणि त्या पायऱ्या संगणकाला कळतील अशा भाषेत लिहायच्या, याला प्रोग्रामिंग म्हणतात. बहुतेक कॉलेजांत सुरुवात 'सी' किंवा 'पायथन' या भाषेने होते. सी भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. पायथन गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली बाहेर आणली.

सेमिस्टरमध्ये काय शिकवितात

क्रम कॉलेजागणिक थोडा बदलतो, पण ठोकळमानाने असा असतो. पहिले दोन-तीन आठवडे सोपे जातात. पडद्यावर नाव छापणे, दोन आकड्यांची बेरीज करणे, एवढेच असते. मग 'जर-तर' येते: ऊस खोडव्याचा असेल तर या यादीत घाल, नाहीतर त्या यादीत घाल. त्यानंतर येतो 'लूप', म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणे. काट्यावर गाडी आली की भरलेले वजन घे, रिकाम्या गाडीचे वजन वजा कर, निव्वळ वजन लिही, पुढची गाडी घे, आणि गाड्या संपल्या की थांब. यात 'थांब' सांगायचे विसरले तर संगणक थांबत नाही, तेच ते करीत बसतो.

लूपपाशीच बरीच मुले पहिल्यांदा अडतात. पुढे 'फंक्शन' आणि 'ॲरे' येतात. ॲरे म्हणजे एका नावाखाली ठेवलेली यादी. या दोन्ही भाषांत यादीतला पहिला शेतकरी शून्य क्रमांकाचा धरतात, त्यामुळेही सुरुवातीला गोंधळ उडतो. सी शिकणाऱ्यांना शेवटी 'पॉइंटर' लागतो. त्याने भल्याभल्यांना घाम फोडला आहे.

चुका दोन प्रकारच्या

पहिली चूक लिहिण्याची. सी मध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला तर प्रोग्राम चालतच नाही. गंमत अशी की चूक पाचव्या ओळीत असते आणि संगणक पुष्कळदा सहाव्या ओळीची तक्रार करतो. पण ही चूक सापडते.

दुसरी चूक विचारातली, आणि ती जास्त वाईट, कारण संगणक तक्रारच करीत नाही. एक उदाहरण पाहा. गाडीत निव्वळ १८,४५० किलो ऊस भरला. टन काढायला १,००० ने भागायचे. हे दोन्ही आकडे सी मध्ये पूर्णांक म्हणून लिहिले तर उत्तर येते १८. वरचे ४५० किलो गेले! पायथनमध्ये तोच भागाकार नेहमीच्या चिन्हाने केला तर १८.४५ येते. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही बरोबरच, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर अपूर्णांक टाकून द्यायचा, हा सी चा नियम आहे. नियम माहीत नसलेला मुलगा पडद्यावर १८ पाहून पुढे जातो. काट्यावर असे झाले तर आपण सभासद गप्प बसू का? म्हणूनच प्रोग्राम चालला एवढ्यावर थांबू नये. हाताने हिशोब करून उत्तर ताडून पाहावे, अशी सवय या विषयात लावावी लागते.

इंग्रजीची धास्ती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पुस्तकाची आणि वर्गातल्या इंग्रजीची अडचण येते, हे खरे आहे. पण खुद्द भाषेत इंग्रजी थोडेच. सी च्या १९८९ सालच्या प्रमाण नमुन्यात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ते महिन्याभरात तोंडी येतात. पायऱ्यांचा विचार मराठीतून करून वहीत मांडायला कोणाची मनाई नाही. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात सी भाषेसह बरेच धडे मराठी निवेदनात मोफत आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यावा.

अडणे म्हणजे ढ असणे नव्हे

दहावी-बारावीला चांगले गुण मिळविलेला मुलगा इथे पहिल्या चाचणीत आपटतो आणि खचतो. "आपलं डोकंच नाही" असे त्याला वाटू लागते. वर्गातली दोन-चार शहरी मुले शाळेपासून हे करीत आलेली असतात. त्यांच्याकडे पाहून तर तो अधिकच दबतो. हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. डेन्मार्कचे बेनेडसेन आणि कास्पर्सन यांनी निरनिराळ्या देशांतील कॉलेजांकडून या पहिल्या विषयाची माहिती मागविली. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा असा, की १०० पैकी सुमारे ३३ विद्यार्थी विषय पार करू शकले नाहीत. २०१९ साली पुन्हा पाहिले तेव्हा तो सुमारे २८ होता. म्हणजे विषय जगभर अवघड जातो, आणि तरीही बहुसंख्य मुले पार होतात.

याचे कारण समजून घ्यावे. इतिहास रात्री वाचून सकाळी लिहिता येतो. प्रोग्रामिंग हे हातकाम आहे. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहीर तरत नाही. रोज तासभर स्वतः लिहिणे, चुकणे आणि चूक शोधणे, याला पर्याय नाही. जर्नल मित्राचे उतरवून काढले तर सबमिशन होते, पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तोंडी प्रश्न आला की उघडे पडते.

आयत्या उत्तराचा मोह

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. तेव्हापासून पहिल्या वर्षाचा कुठलाही प्रोग्राम मोबाइलवर क्षणात लिहून मिळतो. नोकरीत ही साधने वापरावीच लागतील, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. "माझी चूक कुठे झाली ते समजावून सांग" असे विचारले तर ती उपयोगी पडतात. परंतु शिकतानाच सगळे आयते घेतले तर वरचे ४५० किलो कुठे गेले, हे ओळखायचे कोणी?

घरच्यांनी काय करावे

१. "किती मार्क पडले?" याऐवजी "या आठवड्यात स्वतः काय केलंस, दाखव बघू" असे विचारावे. आपल्याला कळले नाही तरी चालेल. समजावून सांगताना मुलालाच कळते.

२. महागड्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नये. पहिल्या वर्षाला साधा किंवा वापरलेला चालू लॅपटॉप पुरतो. सी आणि पायथनची सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. कॉलेजच्या लॅबचाही पूर्ण उपयोग करावा.

३. बाहेरचा क्लास लावण्याआधी मुलाने शिक्षकांना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचारले आहे का, ते पाहावे. विचारायला लाजणारी मुलेच मागे राहतात.

४. एक विषय राहिला, एटीकेटी लागली, म्हणून लगेच शिक्षण सोडवू नये. मुलीच्या बाबतीत तर ही घाई फार होते, "बास झालं, आता स्थळं बघू" म्हणून. तसे मुळीच करू नये. विषय पुन्हा देता येतो.

५. मात्र वर्षभर रोज हात चालवूनही गोडी लागली नाही, तर मुलाचे ऐकावे आणि दुसरी शाखा शांतपणे बघावी. त्यात कमीपणा नाही.

लागणीनंतर महिन्याभरात रान विरळ दिसते म्हणून आपण ते मोडीत नाही. नांगे भरतो, पाणी देतो आणि फुटव्यांची वाट पाहतो. पहिल्या सेमिस्टरला तेवढा अवधी द्यावा. ज्यांची मुले यंदा पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गावातल्याच वरच्या वर्गातील मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. एकाच गावच्या मुलांनी तासभर शेजारी बसून केलेला प्रोग्राम पुष्कळदा महिन्याच्या क्लासपेक्षा जास्त शिकवून जातो.